बिनधास्त बोलून इंग्रजी सुधारत नाही

"व्याकरण विसरा. चुका होऊ द्या. मराठीत विचार करणं बंद करा. लहान मूल भाषा शिकतं तसे शिका आणि बिनधास्त बोला." स्पोकन इंग्लिशच्या क्लासमधून, मोबाइलवरच्या रील्समधून आणि महाविद्यालयांतल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांतून हे इतकी वर्षं सांगितलं जात आहे की आता कोणी त्यावर शंकाही घेत नाही. मी पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. समोर बसणारी बहुतेक मुलं मराठी माध्यमातून, फार तर सेमीतून आलेली असतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी हा सल्ला प्रामाणिकपणे पाळलेला असतो, त्यासाठी घरच्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते, आणि तरीही वर्ष-दोन वर्षांनी त्यांचं इंग्रजी होतं तिथेच असतं. मग ती स्वतःला दोष देतात: आपल्यात आत्मविश्वासच नाही, आपली जीभच जड आहे. दोष त्यांचा नाही. अर्धंमुर्धं इंग्रजी येणाऱ्याला हा सल्ला देणं ही त्याची दिशाभूल आहे, आणि तिची किंमत नेमकी त्याच घरांना मोजावी लागते ज्यांना ती परवडत नाही.

हा सल्ला आला कुठून, हे मला समजतं. खेड्यातून आलेल्या मुलाने भर वर्गात एखादा शब्द चुकीचा उच्चारला की मागच्या बाकावरून हसू ऐकू येतं, कधीकधी शिक्षकही हसतात, आणि तो मुलगा पुढची तीन वर्षं तोंड उघडत नाही. अशा मुलाला "बोल, कोणी हसणार नाही" असं सांगणारा माणूस भेटलाच पाहिजे. पण भीती गेल्यावर पुढे काय, याचं उत्तर या मंडळींकडे नाही. पुन्हा तेच सांगतात: अजून बोला.

मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची भीती बऱ्यापैकी गेलेली असते. त्यांना ऑफिसचा ईमेल कळतो, क्रिकेटचं समालोचन कळतं, गिऱ्हाइकाशी फोनवर चार वाक्यं बोलून काम भागवता येतं. मात्र अग्रलेख वाचताना ती तिसऱ्या परिच्छेदात दमतात, करारातलं कलम निसटतं, वरिष्ठाला सभ्यपणे नकार कळवायचा तर अर्धा तास जातो. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाक्षमतेची सहा पायऱ्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यातल्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरची ही माणसं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. बारावी होईपर्यंत बारा वर्षं इंग्रजी हा विषय असलेल्या मुलांची पिढीच तयार झाली, आणि ती मोठ्या संख्येने याच मधल्या पायरीवर थांबली आहे.

का थांबली? मधल्या पायरीवर गाडी अडते ती येत असलेल्या भाषेने काम भागू लागतं म्हणून. समोरचा माणूस अर्थ लावून घेतो, चुकीकडे दुर्लक्ष करतो, आणि त्याच चुकीच्या वाक्यावर पुढचं संभाषण चालू राहतं. चूक दर वेळी यशस्वी होते. अशी दहा हजार वेळा यशस्वी झालेली चूक मग सवय बनते. लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ साली या गोठून जाण्याला नाव दिलं आणि तेव्हापासून भाषाशिक्षणाच्या अभ्यासात हा प्रश्न मध्यवर्ती आहे. आपल्याकडच्या क्लासवाल्यांपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

'बोला, बोला' हा उपाय खरा असता तर वेसचं इंग्रजी उत्तम व्हायला हवं होतं. वेस हे रिचर्ड श्मिट या संशोधकाने आपल्या अभ्यासातल्या माणसाला दिलेलं टोपणनाव. हा तिशीतला जपानी चित्रकार हवाईत येऊन राहिला. स्वभावाने मोकळा, माणसांत रमणारा, चुकांची तमा न बाळगणारा. दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत वावरायचा, त्याच भाषेत व्यवहार करायचा, गोष्टी रंगवून सांगायचा. आपल्या शिबिरांतून जो आदर्श विद्यार्थी रंगवला जातो तो हाच. श्मिटने सुमारे तीन वर्षं त्याचं बोलणं नोंदवलं आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेसची संवादाची हातोटी खूप वाढली होती. व्याकरण मात्र जवळपास जागचं हललं नव्हतं. अनेकवचनाचे, भूतकाळाचे प्रत्यय शेवटीही बहुतेकदा गळतच होते. हवाईत राहून, अहोरात्र बोलून जे झालं नाही ते सातारा किंवा परभणीत रोज एक तास एकमेकांशी तसंच मोडकं इंग्रजी बोलून कसं होणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावर कोणी म्हणेल, वेस मोठेपणी शिकला, लहानपणी शिकला असता तर वेगळं झालं असतं. तेही पाहू. कॅनडात १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवर्गापासून सगळे विषय फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलं गणित फ्रेंचमध्ये करत, इतिहास फ्रेंचमध्ये वाचत. काही वर्षांत त्यांचं आकलन फ्रेंच घरांतल्या मुलांच्या तोडीचं झालं. बोलण्या-लिहिण्यात मात्र क्रियापदांच्या आणि लिंगाच्या ढोबळ चुका टिकून राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली याचं कारण मांडलं: या मुलांना नेमकं, काटेकोर बोलायला कोणी भाग पाडलंच नाही. स्वेन यांचा दाखला देऊन 'म्हणजे बोललंच पाहिजे' असं सांगणारे लोक 'नेमकं, काटेकोर' हा भाग गाळतात. नुसतं बोलणं त्यांना अभिप्रेत नव्हतं. आपलं वाक्य कुठे अडतं हे जाणवेल, ते पुन्हा रचावं लागेल, असं बोलणं आणि लिहिणं त्यांना हवं होतं.

वेसच्या शेजारी मला नेहमी पंडिता रमाबाई दिसतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे रमाबाईंनी स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली ती मराठीत. आयोगाने तिचं इंग्रजी भाषांतर करवून घेतलं. त्या वेळी त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि इंग्रजीशी त्यांची ओळख नुकतीच होत होती. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. १८८७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियातून त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं, परक्या वाचकाला मुद्देसूदपणे पटवणारं. पाच वर्षांत हा पल्ला. 'त्या इंग्लंडमध्ये राहिल्या ना' हे उत्तर पुरेसं नाही, कारण वेसही हवाईत राहिला होता. फरक त्यांनी तिथे काय केलं यात आहे. वाँटेजच्या मठात आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या, संस्कृत शिकवलं, आणि धर्माच्या प्रश्नांवर सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी इंग्रजीत पत्रांतून वाद घातला. ती पत्रं आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. श्रद्धेसारख्या विषयावर, आपल्यापेक्षा भाषा चांगली येणाऱ्या आणि आपलं म्हणणं न पटलेल्या माणसाला पत्र लिहिताना शब्द तोलूनच वापरावा लागतो. 'काम भागतं' एवढ्यावर तिथे थांबता येत नाही.

आणि त्या लहान मुलासारख्या शिकल्या नाहीत. प्रौढ माणसासारख्या शिकल्या. संस्कृतचं पाठांतर, व्याकरणाची शिस्त, मराठी, कानडी, हिंदी, बंगालीचा वावर हे सगळं घेऊन त्या बोटीत चढल्या होत्या. 'लहान मूल शिकतं तसे शिका' हा सल्ला मला म्हणूनच सगळ्यांत क्रूर वाटतो. लहान मुलाला दिवसाचे बारा तास, सलग पाच वर्षं, त्याच्यासाठी वाक्यं पुन्हापुन्हा उच्चारणारी आई आणि आजी मिळते. एमआयडीसीत पाळी संपवून संध्याकाळी सातला क्लासला येणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला यातलं काय मिळतं? त्याच्याजवळ मुलाजवळ नसलेलं बळ आहे: तो वाचू शकतो, तुलना करू शकतो, नियम समजून घेऊ शकतो, आणि त्याला एक भाषा संपूर्ण येते. हा सल्ला त्याला नेमकं तेच बाजूला ठेवायला सांगतो.

आता 'मराठी बंद करा' याकडे येते. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनाविषयी परिषद झाली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, जन्मजात इंग्रजी बोलणारा शिक्षक सर्वोत्तम, जितकं लवकर आणि जितकं जास्त तितकं बरं, इतर भाषा वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरेल, अशा समजुतींचा तिथे पुरस्कार झाला. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली यांतली एकेक समजूत तपासली आणि त्यांना चक्क भ्रम म्हटलं. परक्या देशांत शिक्षक पाठवणाऱ्यांना ज्या धोरणाची सोय होती, ते शास्त्र म्हणून आपल्या माथी मारलं गेलं. त्यातूनच शाळेत मराठी बोलल्यास दंड, घरी आईशी इंग्रजीत बोलण्याची सक्ती, आणि मराठीत विचार येतो म्हणून स्वतःचीच लाज.

मराठी मनातून काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. 'मी काल पुण्याला गेलो होतो' या सरळ मराठी वाक्यावरून आपला विद्यार्थी 'आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे' म्हणतो. तिथे इंग्रजीला साधा भूतकाळ हवा असतो. शंभर वेळा बिनधास्त बोलून ही चूक सुटत नाही, कारण बोलणाऱ्याला ती दिसतच नाही. मराठीच्या अंगाने वाक्य बरोबरच आहे. दोन्ही भाषा समोरासमोर मांडल्या की ती एका संध्याकाळी दिसते. 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' घेऊन महाराष्ट्रातल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या यामुळेच. तिची वाक्यं आज जुनी वाटतील, पण दोन भाषा कुठे वेगळ्या वळतात हे दाखवण्याची तिची पद्धत जुनी झालेली नाही.

ही पद्धत तर्खडकरांच्याही फार आधीची आहे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथला शिकवणारे रॉजर अ‍ॅस्कम यांचा १५७० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ दुहेरी भाषांतराचा आग्रह धरतो. त्यांच्या विद्यार्थ्याने लॅटिन उतारा इंग्रजीत आणायचा, मूळ मिटून ठेवायचं, काही वेळाने इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन लिहायचं, आणि मुळाशी ताडून पाहायचं. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी आपल्याच मातृभाषेत असंच काहीसं केलं: 'स्पेक्टेटर'मधल्या निबंधांची टिपणं काढून ठेवायची, काही दिवसांनी त्यांवरून निबंध पुन्हा लिहायचा आणि मुळापुढे धरून आपले दोष शोधायचे. मधल्या पायरीवरच्या माणसाला याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. आर. के. नारायण किंवा रस्किन बाँड यांच्या गोष्टीतला दहा ओळींचा परिच्छेद घ्या. वहीत स्वच्छ मराठीत उतरवा. आठवडाभराने पुस्तक न उघडता त्या मराठीवरून इंग्रजी लिहा. मग लाल पेन घेऊन मुळाशी ताडा. कुठे 'द' राहिला, कुठे आपण 'हॅड' घुसडलं, कोणत्या क्रियापदाशी कोणतं शब्दयोगी अव्यय येतं, हे सगळं समोर येईल, आणि शिक्षक शेजारी नसला तरी येईल. श्मिट यांनीच पुढे १९९० साली मांडलं की जे लक्षात येत नाही ते शिकलं जात नाही. ही वही म्हणजे लक्षात आणून देण्याची साधी सोय.

कानाचंही असंच. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि बारीकसारीक शब्द गिळले जातात. मराठीची चाल तशी नाही. त्यामुळे आपल्या कानाला ते बारके शब्द ऐकूच येत नाहीत, आणि जे ऐकलं नाही ते तोंडात येत नाही. संहिता उपलब्ध असलेलं एखादं भाषण किंवा बातमीपत्र घ्या, दोन मिनिटांचा तुकडा पुन्हापुन्हा ऐकून शब्दशः लिहा आणि मग संहितेशी जुळवा. गळलेले शब्द जवळजवळ सगळे तेच बारके निघतील. जुन्या शाळेतलं श्रुतलेखन आम्ही मागासलेलं म्हणून टाकून दिलं, ही मोठी चूक झाली.

पण सगळ्याच्या मुळाशी वाचन आहे, आणि इथे क्लासवाल्यांइतकेच आम्ही शाळा-महाविद्यालयातले लोकही दोषी आहोत. बारावी झालेल्या माझ्या विद्यार्थ्याने आयुष्यात वाचलेलं इंग्रजी म्हणजे बारा पातळ पाठ्यपुस्तकं, तीही बव्हंशी गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचांतून. पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला: कोणाच्या मदतीशिवाय कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुलं लागतात, बोलणं नीट समजायला सहा ते सात हजार. एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुल. नित्याच्या बोलण्यात पहिली दोन-तीन हजारच पुन्हापुन्हा फिरतात. पुढची हजारो कुलं गप्पांत भेटतच नाहीत. ती छापील पानावर भेटतात, आणि एकदा भेटून भागत नाही.

याचा पुरावा आपल्यासारख्याच परिस्थितीतला आहे. फिजी बेटांवरच्या खेड्यांतल्या शाळांत १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी वर्गावर्गांत सुमारे अडीचशे गोष्टीची इंग्रजी पुस्तकं ठेवली. मुलांची घरची भाषा वेगळी, शिक्षक साधे, सोयी मोजक्या. पहिल्या वर्षातच वाचून आणि ऐकून समजण्यात ही मुलं नेहमीच्या दुप्पट वेगाने पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षी हा लाभ भाषेच्या इतर अंगांतही पसरला. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, ढाक्यात शिक्षक घडवणारे मायकेल वेस्ट हेच सांगत होते: बंगाली मुलांना आधी भरपूर, सोपं, गोडी लागेल असं वाचायला द्या. एका पानावर पाच-सहा शब्द अडत असतील तर ते पुस्तक आज तुमच्यासाठी नाही. त्याहून सोपं घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि मराठी वाचकाला एक खास सोय आहे. दया पवारांचं 'बलुतं' मराठीत वाचलेल्याने जेरी पिंटो यांचं इंग्रजी भाषांतर वाचावं. 'कोसला' आवडलेल्याने सुधाकर मराठे यांचं 'ककून' वाचावं. गोष्ट माहीत, माणसं माहीत, गावं माहीत. सगळं लक्ष भाषेकडे देता येतं.

बोलणं नकोच असं मी म्हणत नाही. बोलण्याचाही सराव हवा, पण रचलेला. एकच विषय आधी चार मिनिटं एका मित्राला सांगायचा, मग तीन मिनिटांत दुसऱ्याला, मग दोन मिनिटांत तिसऱ्याला. नेशन यांनी हा सराव बराच प्रचारात आणला. दर फेरीला वाक्यं घट्ट होतात, अडखळणं कमी होतं. रोज 'माय सेल्फ' म्हणत राहण्यापेक्षा हे कितीतरी कामाचं आहे.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. भारतीय इंग्रजी ही आता स्वतंत्र बोली आहे, तिला साहेबाच्या मापाने चूक ठरवणारे तुम्ही कोण, असं सुशिक्षित मित्र विचारतात. भारतीय इंग्रजी आहे, तिची ऐट मला मान्य आहे. आपले उच्चार बदलायला मी एकाही विद्यार्थ्याला सांगत नाही. पण एकाच परिच्छेदात तेच क्रियापद एकदा भूतकाळात आणि एकदा वर्तमानकाळात लिहिणारा मुलगा कोणतीही बोली बोलत नसतो. त्याला काळ नीट वापरता येत नाही, आणि ते त्याला ठाऊक असतं. बोलीचा हा युक्तिवाद करणाऱ्यांचं स्वतःचं इंग्रजी निर्दोष असतं. 'व्याकरण महत्त्वाचं नाही' हे वाक्यही बहुतेकदा त्यांच्याच तोंडी असतं ज्यांच्या घरात दोन पिढ्या इंग्रजी वर्तमानपत्र येतं. त्यांची चूक मुलाखतीत सहज म्हणून खपते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीची तीच चूक तिच्या कुवतीचा पुरावा ठरते. हे अन्यायाचं आहे, ते बदललं पाहिजे, पण बदलेपर्यंत तिला नेमकी भाषा नाकारणं हा त्या अन्यायात भर घालणारा दुसरा अन्याय आहे.

मोबाइल आता इंग्रजी लिहून देतो, मग हे कष्ट कशाला, असंही विचारतात. आधी स्वतः लिहून मग यंत्राच्या लेखनाशी ताडून पाहिलं तर ते उपयोगीच आहे. आधीच त्याच्याकडून लिहून घेतलं तर बैठकीत, फोनवर, मुलाखतीत तोंडातून काय निघणार?

म्हणून फी भरण्याआधी क्लासच्या चालकांना विचारा: आठवड्याला माझं एक पान तरी लाल पेनने तपासून परत मिळेल का? तुमच्याकडे वाचायला किती पुस्तकं आहेत? ती घरी नेता येतील का? उत्तर देताना ते पुन्हा आत्मविश्वासावर आले तर पैसे खिशात ठेवा, त्यातून गोष्टीची दहा पुस्तकं आणि एक जाड वही घ्या. आणि प्राचार्यांना, ग्रंथपालांना माझं सांगणं आहे की इंग्रजी कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाचं कुलूप काढा. पुस्तकं हरवतात म्हणून ती देत नाही, हे कारण मी अनेक ठिकाणी ऐकलं आहे. वर्षाला वीस हरवली तर नवी वीस घ्या.